वरची वाळू, खालची वाळू

मी मेणबत्ती खालच्या खणात लावली, एवढंच झालं होतं.

हंगेरीतल्या सेंतेंद्रे गावाच्या मुख्य चौकातलं ब्लागोवेश्तेन्स्का चर्च. बाहेर मार्चमधलं कोवळं ऊन, आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे काळोखी. दाराशी टेबल मांडून एक म्हातारी शब्दकोडं सोडवत बसली होती. तिच्याकडून तिकीट घेतलं आणि एक मेणबत्तीही घेतली. आपल्याकडच्यासारखी पांढरी, गुळगुळीत नव्हे. उदबत्तीपेक्षा किंचित जाड, मधमाशीच्या मेणाची, तपकिरी, बोटांच्या उबेनंच वाकायला लागणारी. कोपऱ्यात मेणबत्त्या लावायचा एक दोन मजली लोखंडी घोडा होता, दोन्ही खणांत वाळू भरलेली. वरच्या खणात चार-पाच मेणबत्त्या जळत होत्या, खालचा जवळजवळ मोकळा होता. मोकळी जागा दिसली की तिथे जाऊन बसायचं, ही एसटीनं लावलेली सवय. मी वाकून खालच्या वाळूत मेणबत्ती खोचली आणि हात जोडून उभी राहिले.

टेबलामागची खुर्ची करकरली. म्हातारी उठून आली, माझ्याकडे आणि मेणबत्तीकडे पाहिलं आणि हंगेरियनमध्ये काहीतरी भरभर विचारलं. माझा चेहरा कोराच. मग तिनं हंगेरियन सोडलं आणि आपल्या भाषेवर आली. एक बोट वरच्या खणाकडे, "झिवी?" दुसरं खालच्या खणाकडे, "मृत्वी?"

मला कळलं. कुणी न सांगता, शब्दकोश न उघडता कळलं. जीव आणि मृत. वरची वाळू जिवंतांसाठी, खालची मेलेल्यांसाठी. हंगेरीत राहून मला नऊ वर्षं होतील. ही भाषा आपल्या कुठल्याच भाषेची लांबचीसुद्धा नातलग नाही. नऊ वर्षं कान उघडे ठेवून नुसती भिंत ऐकल्यासारखं झालंय, आणि इथे एका सर्ब बाईच्या तोंडून आलेले दोन शब्द थेट माजघरात शिरले. पण मला लागून राहिलं ते हे नाही. ती उत्तराची वाट बघत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती मेणबत्ती कुणासाठी होती, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. जिवंतासाठी की मेलेल्यासाठी, हे तर त्याहून नव्हतं.

तिनं जरा वेळ वाट पाहिली. मग मेणबत्ती उपटली, वरच्या खणात लावली, बोटं झग्याला पुसली आणि शब्दकोड्याकडे परत गेली.

बुडापेस्टला परतताना उपनगरी गाडीत हेच डोक्यात घोळत होतं. ही हिरवी गाडी नदीकाठच्या बॉत्यानी चौकातून सुटते आणि चाळीसेक मिनिटांत सेंतेंद्रेला टेकते. वाटेत एका बाजूला अक्विंकुमचे रोमन अवशेष, मग बेकाशमेड्यरच्या एकसारख्या दहा मजली इमारतींची रांग, मग पोमाझ. १८८८ साली ही लाइन झाली तेव्हापासून सेंतेंद्रे हे 'शहराजवळचं गाव' झालं. त्याआधी ते कुणाच्या जवळचं नव्हतं. म्हणजे बुडाच्या जवळ होतंच, पण तिथले व्यापारी डॅन्यूबनं वर व्हिएन्नाकडे आणि खाली बेलग्रेडकडे बघत. आता रविवारी आइस्क्रीम खायला आलेल्या माणसांनी गाव फुलतं. रंगीत भिंती, दगडी उतार, मॅग्नेट, पाप्रिकाच्या माळा. मीही पहिली तीन-चार वर्षं पाहुण्यांना घेऊन तेवढ्यासाठीच जायचे. लंगोश, म्हणजे इथली तळलेली पोळी, खायचा, नदीकाठी फोटो काढायचे, पाचची गाडी पकडायची.

सर्बांच्या ऑर्थोडॉक्स चर्चांची दारं तोवर मी बाहेरूनच पाहिली होती. बाहेरून ती कुठल्याही मध्य युरोपीय गावातल्या कॅथलिक चर्चसारखी दिसतात. एकच मनोरा, फिकट पिवळा किंवा लालसर रंग, बरोक वळणं. आत मात्र सोनेरी चौकटींची भिंतच्या भिंत उभी, तिच्यात काळसर पडलेले संतांचे चेहरे, आणि गाभारा त्या भिंतीपलीकडे, आपल्याकडे असावा तसा नजरेआड. अंगावर ऑस्ट्रियाचा कोट आणि आत बायझंटाइन सदरा. आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. या चर्चांचे गाभारे पूर्वेला असावे लागतात, त्यामुळे ती रस्त्याला जुमानत नाहीत. गल्ली वळली तरी चर्च वळत नाही. टेकडीवर कॅथलिकांचं जुनं चर्च आहे, त्याच्या कठड्यावरून खाली पाहिलं की छपरांच्या गर्दीत सगळे मनोरे एकाच दिशेला तोंड करून उभे असलेले दिसतात, फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या माणसांसारखे.

ही सर्ब माणसं इथे आली १६९० साली. ऑस्ट्रियाच्या सम्राटानं तुर्कांवर चढाई केली, दक्षिणेतले सर्ब त्याच्या बाजूनं उठले, आणि मग सम्राटाचं सैन्य मागे हटलं. उठलेल्यांना मागे राहणं शक्य नव्हतं. कोसोवोतल्या पेच गावचे धर्मगुरू आर्सेनिये चार्नोयेविच यांच्या मागोमाग बैलगाड्या, घोडे, पोरंबाळं, म्हातारेकोतारे उत्तरेकडे निघाले. किती? हा आकडा ३७ हजार माणसांपासून ३७ हजार कुटुंबांपर्यंत कुठेही जातो, आणि कोण सांगतंय त्यावर ठरतो. त्यातल्या काही हजारांनी तुर्की अमलात ओस पडलेलं हे नदीकाठचं गाव गाठलं. सम्राट लिओपोल्डनं त्यांना सनदा दिल्या, आपला धर्म आणि आपला कारभार ठेवायची मुभा दिली. मनात सगळ्यांच्याच एक होतं, मुक्काम तात्पुरता. पुढच्या मोहिमेत मुलूख सुटला की परत.

येताना त्यांनी काय आणलं? सर्बियातल्या रावानित्सा मठातल्या साधूंनी राजा लाझारचे देहावशेष आणले. १३८९ मध्ये कोसोवोच्या लढाईत पडलेला हा राजा सर्बांसाठी संतच. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची पेटी गाडीवर घालून माणसं जिवानिशी पळत होती. सेंतेंद्रेला नदीपाशी त्यांनी लाकडाचं चर्च उभारलं आणि पेटी त्यात ठेवली. लाकडाचं, कारण जायचंच होतं. १६९७ मध्ये पेटी पुढे दक्षिणेकडे, फ्रुश्का गोराच्या डोंगरातल्या मठात हलवली. लाकडी चर्चचं आता काही उरलेलं नाही. त्या जागी एका लहानशा चौकात क्रूस आहे, आजूबाजूला बाक. मी गेले तेव्हा तिथे एक मुलगा पुरीसारखा फुगलेला लंगोश खात बसला होता आणि लसणाचा वास सगळीकडे पसरला होता.

हे वाचताना मला गोव्यातली केळशी आठवल्याशिवाय कसं राहील? आमची कुलदेवी शांतादुर्गा. घरात लहानपणापासून ऐकलेलं, देवी मूळची केळशीची. फिरंग्यांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा, १५६०च्या दशकात, भक्तांनी तिला झुवारी ओलांडून कवळ्याला आणलं. आजीच्या सांगण्यात ती रात्र नेहमी अमावास्येची असायची आणि होडीत कुणी खोकत नसे. कवळ्याचं आज दिसणारं मोठं देऊळ बांधलं गेलं ते शाहू महाराजांच्या काळात, १७३०च्या दशकात. मधली पावणेदोनशे वर्षं देवी परक्या गावात साध्या छपराखाली राहिली. लहानपणी मी विचारलं होतं, मग आता ती कुठली, केळशीची की कवळ्याची? आजी म्हणाली, "दोनय." आणि तांदूळ निवडायला लागली.

सेंतेंद्रेतही दगड लगेच आला नाही. १७१७ मध्ये ऑस्ट्रियानं बेलग्रेड घेतलं तेव्हा वाट मोकळी झाली असं वाटलं असणार. १७३९ च्या तहात बेलग्रेड पुन्हा तुर्कांकडे गेलं. आणि त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत या गावात एकामागून एक दगडी चर्चं उभी राहिली. मला या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की पोटात कसंतरी होतं. इतिहासाच्या पुस्तकात याला भरभराटीचा काळ म्हणतात, आणि तो होताच. चामडं, दारू, धान्य, नदीवरून होणारा व्यापार. पण मला त्या बांधकामात सुस्काराही ऐकू येतो. परत जायचं नाही हे कळलं की माणूस पाया खणतो.

आणि बांधली तीही कशी, ज्याची त्यानं वेगळी! पोझारेवाचहून आलेल्यांचं पोझारेवाच्का, ओपोवोवाल्यांचं ओपोवाच्का, बल्गेरियातल्या चिप्रोवत्सीकडून आलेल्यांचं चिप्रोवाच्का, चामडं कमावणाऱ्या तोबाकोश लोकांचं प्रेओब्राझेन्स्का. एवढ्याशा गावात सात. एकाच धर्माचे, एकाच भाषेचे लोक, पण आमच्या गावचा घंटानाद वेगळा. दादर-गिरगावात ज्यांनी एकाच चाळीतल्या गावमंडळांची भांडणं पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. मुख्य चौकात मधोमध एक लोखंडी क्रूस आहे, त्यावर पत्र्यावर रंगवलेली चित्रं. प्लेगच्या साथीतून गाव वाचलं म्हणून सर्ब व्यापाऱ्यांच्या मंडळानं तो १७६३ मध्ये उभारला. याच मंडळाची खूण काही जुन्या घरांच्या दारांवर अजून आहे: जहाजाचा नांगर, क्रूस आणि ४ चा आकडा. चार टक्क्यांपेक्षा जास्त नफा घ्यायचा नाही म्हणून ४, असं सांगतात. ऐकायला छान वाटतं. व्यापाऱ्यांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टी मी जपूनच ऐकते.

मग गाव हळूहळू रिकामं झालं. १८८०च्या दशकात द्राक्षांच्या मुळांना फिलोक्सेरा ही कीड लागली आणि टेकड्यांवरचे मळे वाळले. नदीवरचा व्यापार रेल्वेनं आधीच नेला होता. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचे लचके तुटले, दक्षिणेला सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं मिळून नवं राज्य झालं, आणि ज्यांना हवं त्यांना तिकडे जाता आलं. सव्वादोनशे वर्षांनी 'परत'. पण ते परत तरी कसं म्हणायचं? जाणाऱ्यांपैकी कुणाच्या पणज्यानंसुद्धा ती भूमी पाहिलेली नव्हती. त्यांनी सामान बांधलं तेव्हा बायकांनी कुठल्या अंगणाकडे वळून पाहिलं असेल, हे मी ठरवू शकत नाही. मागे राहिलेली चर्चं दुसऱ्यांकडे गेली. ओपोवाच्कात आता प्रोटेस्टंटांच्या रिफॉर्म्ड पंथाची प्रार्थना होते, चिप्रोवाच्का कॅथलिकांचं झालं. बुडाच्या सर्ब धर्मप्रांताची गादी आजही सेंतेंद्रेलाच आहे. बिशप आहेत, लाल मनोऱ्याचं मुख्य चर्च आहे, जुन्या चित्रांचं संग्रहालय आहे. रविवारच्या प्रार्थनेला मी एकदा डोकावले, तर गाणारे आणि ऐकणारे मिळून हाताच्या बोटांवर मोजता येत होते.

आणि लाझारची पेटी? १९४२ मध्ये ती बेलग्रेडला नेली. १९८९ मध्ये, कोसोवोच्या लढाईला सहाशे वर्षं झाली तेव्हा, गावोगाव मिरवत रावानित्सात परत पोचवली. निघाल्यापासून २९९ वर्षांनी हाडं घरी पोचली. हे वाक्य लिहून मी थांबणार होते, छान दिसतंय. पण त्या मिरवणुकीच्या वाटेवर कसली भाषणं झाली आणि दोनच वर्षांत तो देश, युगोस्लाव्हिया, कसा पेटला, तेही सोबत लिहायला हवं. मेलेल्यांना वरच्या खणात लावलं की असंही होतं.

रिकाम्या गावात भाडं स्वस्त, म्हणून चित्रकार आले. १९२०च्या दशकाच्या शेवटी त्यांची वसाहतच झाली. त्यातला लायोश वॉय्दा मला फार जवळचा वाटतो. ज्यू घरातला, लहानपणाची काही वर्षं सर्बियात गेलेली, १९२३ मध्ये घरच्यांबरोबर सेंतेंद्रेला आला. बाकीचे गावाची रंगीत चित्रं काढत असताना १९३५-३६ च्या उन्हाळ्यात हा आणि त्याचा मित्र देझ्यो कोर्निश दारोदार हिंडून नुसत्या रेघा गोळा करत होते. खिडकीची चौकट, थडग्यावरचा क्रूस, गाडीचं चाक, भिंतीवरची वेलबुट्टी. बार्तोक आणि कोदाय हे हंगेरियन संगीतकार खेड्यापाड्यांतून गाणी जमवत, तसं. मग वॉय्दा त्या रेघा एकमेकांवर ठेवायचा. घरातून संताचा चेहरा दिसतो, चेहऱ्यातून छप्पर. कुठली रेघ पुढची, कुठली मागची, कळत नाही. त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरही त्यानं असाच एका संताचा चेहरा ठेवून पाहिला. १९४१ मध्ये क्षयानं गेला, तेहतिसाव्या वर्षी. तीन वर्षांनी गावातल्या ज्यूंना नेलं. त्यांच्या आठवणीसाठी आता एका घरात खोलीएवढं प्रार्थनास्थळ आहे. मी तिथे दोनदा गेले आणि दोन्ही वेळा बंद मिळालं.

तर ती मेणबत्ती. गाडी पोमाझच्या पुढे आली तेव्हा मला उमगलं, ती घरासाठी होती.

वेंगुर्ल्याजवळचं आमचं घर गेली सहा वर्षं बंद आहे. बंद म्हणजे अगदी बंद नाही. शेजारचे तात्या रोज तिन्हीसांजेला अंगणात येतात, तुळशीपाशी दिवा लावतात, महिन्यातून एकदा खोल्या उघडून वारा देतात. सातबाऱ्यावर अकरा नावं. कुणी विकायचं म्हणत नाही, कुणी राहायचं म्हणत नाही. त्या आठवड्यात तात्यांचा फोन आला होता: "बाय, घर बरां आसा, पण पडवेचो वासो गेलो." घर बरं आहे, पण वासा गेला. हे वाक्य मी ऑफिसच्या गच्चीवर उभी राहून ऐकलं आणि पैसे पाठवते म्हणाले. ते घर कुठल्या वाळूत लावायचं? दिवा लागतो म्हणजे जिवंत, की माणूस पगारी ठेवून दिवा लावावा लागतो म्हणजे मेलेलं?

इकडे बुडापेस्टच्या माझ्या फ्लॅटला अजून पडदे नाहीत. दोन वर्षांच्या करारावर आले होते. पहिल्या वर्षी म्हटलं, कशाला पडदे, जायचंच आहे. आता खिडकीला जुनी कॉटनची साडी लावलेली आहे, चिमट्यांनी. भांडी चार. पुस्तकांचे तीन खोके पलंगाखाली, चिकटपट्टीसकट. मैत्रिणी हसतात. मलाही हसू येतं, पण खोके उघडायला हात होत नाही. त्या सर्बांना पन्नास वर्षं लागली, हे मी आता त्यांना ऐकवते.

त्या म्हातारीचा मला थोडा रागही आला होता, खरं सांगायचं तर. तिनं परस्पर ठरवलं. पण पुन्हा पुन्हा आठवताना दिसतं की तिनं काही विचार केला नव्हता. समोर एक हिंडती-फिरती बाई, डोळे कोरडे, म्हणजे कुणी गेलेलं नाही. लाव वर.

ऑगस्टच्या १९ तारखेला मी पुन्हा गेले. तोबाकोश लोकांच्या प्रेओब्राझेन्स्का चर्चचा तो सण. एरवी त्या दाराला कुलूपच असतं. त्या दिवशी द्राक्षांना आशीर्वाद देतात, आणि त्याआधी त्या वर्षीची द्राक्षं खायची नाहीत अशी रीत आहे. मळे गेले त्याला आता एकशेचाळीस वर्षं होत आली, तरी द्राक्षं येतात, दुकानातल्या प्लास्टिकच्या खोक्यांतून. आत उकाडा, धूप, घामाचा आणि पिकलेल्या फळांचा वास. कुठून कुठून माणसं आली होती, बुडापेस्टहून, पोमाझहून, सर्बियातल्या नोवी सादच्या नंबरप्लेटच्या दोन गाड्याही दिसल्या. बाहेर अंगणात कोलो हा फेर सुरू झाला, हातात हात घालून, डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक, आणि एक पाच-सहा वर्षांची मुलगी सगळ्यांच्या उलट नाचत होती. कुणी तिला सरळ करत नव्हतं.

मी दोन मेणबत्त्या घेतल्या होत्या. या वेळी ठरवून. घोड्यापाशी ही गर्दी. दोन्ही खण गच्च, वाळू दिसत नव्हती, आणि उन्हाळ्यामुळे अर्ध्या मेणबत्त्या वाकून एकमेकींना चिकटलेल्या. मी पुढे सरकते तोच एप्रन घातलेली एक बाई हातात पत्र्याचा डबा घेऊन आली. मार्चमधली नव्हे, दुसरी, तरुण. तिनं मला जरा थांब अशी खूण केली आणि जळत्या, अर्धवट, विझलेल्या सगळ्या मेणबत्त्या मूठमूठ उपटून डब्यात टाकायला लागली. आधी वरचा खण, मग खालचा. मेण पुन्हा वितळवून नव्या करतात. फुंकर घालायलाही ती थांबत नव्हती, डब्यात मधूनमधून एखादी वात फरफरायची आणि धुराची बारीक रेघ वर यायची.

खण मोकळे झाले. तिनं हातानं वाळू सारखी केली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. हं, लाव आता.

माझ्या मुठीत दोन्ही मेणबत्त्या एव्हाना मऊ होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. नखानं सोडवायला गेले तर एकीची वात तुटली. मागे रांग होती.